वडिलांच्या फायलीतला कागद भर कोर्टात वाचता येतो का?

तुमचा प्रश्न मोठा होता, म्हणून आधी मला तो कसा समजला ते सांगते. तुम्ही पहिली कादंबरी लिहिताय, कोर्टातली थरारकथा. नायिका मुंबईत फौजदारी वकिली करते. तिचे बाबाही फौजदारीतले नावाजलेले वकील होते. ते आता हयात नाहीत, गिरगावातलं त्यांचं ऑफिस तीच चालवते. २०२२ साली गिरगावातल्या चाळीत एका म्हाताऱ्याचा खून होतो आणि तीस वर्षांचा एक तरुण पकडला जातो. नायिका त्याचं वकीलपत्र घेते. मागे एक जुनी गोष्ट आहे. १९८८ साली लालबागमध्ये एक खून झाला होता, त्यात या तरुणाच्या वडिलांना जन्मठेप झाली. आता मारला गेलेला म्हातारा त्या खटल्यात डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार होता, आणि त्या आरोपीचे वकील होते नायिकेचे बाबा. त्यांच्या जुन्या फायलीत तिला त्यांच्या हातचं एक टिपण सापडतं: लालबागचा खून तिच्या सख्ख्या काकानं केला होता आणि बाबांना ते ठाऊक होतं. शेवटच्या प्रकरणात ती भर कोर्टात हा कागद वाचते, अशील सुटतो, काकाची मान खाली जाते. तुमचा मित्र म्हणतो, असं करता येत नाही. तर तुमचे प्रश्न तीन: कागद वाचता येतो का, तिला केस सोडावी लागेल का, आणि इतक्या वर्षांनी काकाला शिक्षा होऊ शकते का.

मी फोर्टच्या सत्र न्यायालयात बरीच वर्षं बचावाचं काम करते. नाव देत नाही, वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे आणि इथे कोण काय अर्थ काढील सांगता येत नाही. तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पण तुमची खरी अडचण त्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. तो कागद वाचला तर तुमचा अशील सुटणार नाही, उलट अडकेल.

पोलिसांच्या बाजूनं विचार करा. या पोरानं शेजारपाजारच्या एका म्हाताऱ्याला का मारावं, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. सोबत शेवटचं पाहिल्याचा एक साक्षीदार, मोबाईलचं लोकेशन, कपड्यावरचा डाग, असा परिस्थितीजन्य पुरावा आहे. डोळ्यांनी पाहणारा असला तर हेतू सिद्ध झाला नाही तरी चालून जातं. परिस्थितीजन्य पुराव्यात मात्र हेतू नसला की साखळीतली एक कडी कमी पडते. शरद बिरधीचंद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली या साखळीच्या पाच कसोट्या सांगितल्या, त्या आजही प्रत्येक अंतिम युक्तिवादात ऐकू येतात. आता नायिका उभी राहते आणि वाचते की म्हाताऱ्याच्या खोट्या साक्षीमुळे आरोपीचा बाप निरपराध असताना तुरुंगात सडला. सरकारी वकिलाला आणखी काय हवं? जो हेतू तपासात सापडला नाही, तो बचावाच्या वकिलानं स्वतःच्या हातानं रेकॉर्डवर आणून दिला. जुना खून काकानं केला हे सिद्ध झालं तरी नवा खून काकानं केला हे त्यातून निघत नाही. पोरानं केला असेल असं मात्र निघतं.

हे आधी सोडवा, कायदा नंतर. त्या टिपणात १९८८ ची गोष्ट आहे. तुम्हाला हवा आहे तो २०२२ मध्ये काका त्या म्हाताऱ्याला घाबरत होता याचा पुरावा. तो कुठून आणायचा ते खाली सांगते.

आता कागदाकडे येऊ. वकिलाला अशिलानं कामाच्या संदर्भात सांगितलेली गोष्ट अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १३२ आहे. तुमचा खटला २०२२ चा, म्हणजे नवा कायदा आला तेव्हा चालू असलेला, म्हणून त्याला जुनाच पुरावा कायदा लागू राहील. खुनाचं कलमही जुन्या दंड संहितेतलं ३०२ च लिहा, नव्या न्याय संहितेतलं १०३ नव्हे. हल्ली कोर्टात आम्ही दोन्ही आकडे एका दमात बोलतो, तुमच्या पात्रांनाही बोलू द्या.

या कलम १२६ खालची उदाहरणं तुम्ही मुळातून वाचावीत. एक अशील वकिलाला म्हणतो, मी खोटा दस्त केलाय, माझा बचाव करा. हे गुपित सुरक्षित, कारण अपराधी माणसाचा बचाव करणं हे काही गुन्हेगारी काम नाही. दुसरा म्हणतो, या खोट्या दस्तावर मला ताबा मिळवायचाय, दावा लावा. हे सुरक्षित नाही, कारण इथे वकिलाचाच वापर पुढच्या गुन्ह्यासाठी होतोय. हा फरक तुमच्या टिपणाला लावून बघा. काका म्हणाला असेल, 'दादा, माझ्या हातून झालं, मला वाचव,' तर ते झाकलेलं राहतं. काका म्हणाला असेल, 'दादा, पोलिसांनी भलत्यालाच धरलंय, तूच त्याची केस घे आणि त्याला सुटू देऊ नकोस,' तर संरक्षण संपलं. बाबांनी नेमकं कोणतं वाक्य लिहून ठेवलं, यावर तुमच्या कादंबरीचा उत्तरार्ध ठरेल. तुमच्या प्रश्नात ते वाक्य कुठेच नाही. तुम्ही अजून ते ठरवलंच नाही असं वाटतं. आधी ते टिपण अक्षरशः, खाडाखोडीसकट लिहून काढा.

याच्याही आधीचा प्रश्न असा की काका बाबांशी कोण म्हणून बोलला? भाऊ म्हणून की अशील म्हणून? कायद्याचं संरक्षण वकिलाच्या कामाच्या ओघात आणि त्या कामासाठी सांगितलेल्या गोष्टींना आहे. रात्री जेवताना भाऊ भावाला काही बोलला तर त्याला नाही. वकीलपत्र सही केलेलंच हवं असं नाही, फी दिलेली हवी असंही नाही, पण सल्ला मागण्याचा हेतू हवा. घरात वकील असलं की ही रेघ कुठे संपते ते कोणालाच सांगता येत नाही. माझ्याकडे नात्यातलं कोणी संध्याकाळी घरी येऊन असं काही बोलू लागलं, तर मी मध्येच थांबवून विचारते, सल्ला हवाय की मन मोकळं करायचंय? लोकांना राग येतो. पण त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. तुमच्या कथेत बाबांनी हा प्रश्न विचारला नाही. म्हणून पस्तीसेक वर्षांनी दोन वकील दोन्ही बाजूंनी तितक्याच जोरात भांडू शकतील, आणि न्यायाधीश काय ठरवतील ते न्यायाधीशांवर आहे. लेखक म्हणून ही तुमच्या फायद्याची गोष्ट आहे, ती घाईनं मिटवू नका.

नायिका स्वतः या गुपितानं बांधली गेलेली आहे का? कलमातली बंदी वकिलावर आहे, शिवाय त्याच्या कारकुनांवर आणि नोकरांवर. ती तेव्हा शाळेत असणार, त्यामुळे शब्दशः वाचलं तर ती त्यात बसत नाही. पण बाबांचं ऑफिस, बाबांच्या फायली आणि बाबांची गुडविल ती चालवते. मी तिच्या जागी असते तर स्वतःला बांधलेलीच धरून चालले असते. दुसरे एखादे वकील नाही म्हणतील. बाबांचा म्हातारा क्लार्क मात्र पक्का बांधलेला आहे, आणि असा क्लार्क तुमच्या कथेत नसेल तर आणा. ज्या माणसाला सगळं माहीत आहे आणि कायद्यानं बोलता येत नाही असं पात्र आयतं मिळतंय.

आईचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वाचक विचारतील. नवरा-बायकोत लग्न असताना झालेलं बोलणं कलम १२२ खाली झाकलेलं आहे, आताचं १२८. बाबांनी आईला काय सांगितलं ते आई कोर्टात सांगू शकत नाही. आईनं स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं, ते मात्र सांगू शकते. १९५४ च्या राम भरोसे खटल्यात बायकोनं सांगितलं होतं की नवरा पहाटे छपरावरून उतरला, अंघोळ केली आणि तेच धोतर पुन्हा नेसला. नवऱ्याचं वागणं तिनं सांगितलेलं चाललं, त्याचं बोलणं चाललं नाही. म्हणजे दीर त्या रात्री घरी आला, मोरीत हात धूत बसला, शर्ट जाळला, एवढं आई बोलू शकते. पत्रांचा आणखी एक पदर आहे. वर्गीस विरुद्ध पोन्नन या १९६८ च्या निकालात नवऱ्यानं बायकोला लिहिलेली पत्रं तिनं आपल्या वडिलांकडे दिली होती आणि त्या वडिलांनी जावयावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बायकोच्या साक्षीनं ती सिद्ध करता येणार नाहीत, पण दुसऱ्या मार्गानं सिद्ध झाली तर अडचण नाही. घराघरातल्या ट्रंकांमध्ये अशी किती पत्रं असतील!

समजा, न्यायाधीशांनी ठरवलं की गोपनीयतेचा अडसर नाही. तरीही वकिलानं कागद उचलून वाचला असं होत नाही. कागद कोणाच्या तरी तोंडून सिद्ध व्हावा लागतो. तीस वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला दस्तऐवज असेल तर हस्ताक्षर आणि सही त्याच माणसाची आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. जुन्या कायद्यात हे कलम ९० होतं. तुमचं टिपण त्यात बसतं, म्हणून नायिकेला ते घरी नेऊन कपाटात दडवायला लावू नका, जिथे सापडलं तिथेच राहू द्या, सरकारी वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. पण अक्षर बाबांचं ठरलं म्हणजे मजकूर खरा ठरला असं नव्हे. मेलेल्या माणसाचं लेखी म्हणणं काही ठराविक परिस्थितीतच वाचता येतं आणि 'भाऊ मला असं म्हणाला' हे त्यात सहज बसत नाही. आणि हे टिपण कुठे, कसं, कधी सापडलं हे सांगणारं माणूस एकच आहे, नायिका.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होऊ असं वकिलाला वाटतं, त्यात त्यानं उभं राहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. कागद पुराव्यात आणायचा तर तिला वकीलपत्र सोडावं लागेल, पुरसिस म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन देऊन, अशिलाला दुसरा वकील शोधायला वेळ मिळेल इतक्या आधी. मग बँड आणि काळा कोट उतरवून ती पिंजऱ्यात उभी राहील. अशिलाचा नवा वकील तिची सरतपासणी घेईल, म्हणजे आपल्या बाजूनं प्रश्न विचारील, आणि सरकारी वकील उलटतपासणी. विचारील, 'बाई, हे तुमच्या स्वर्गवासी वडिलांचं अक्षर ना? म्हणजे त्यांनी आपल्याच अशिलाला फसवलं असं तुमचं म्हणणं?' हा प्रसंग कागद वाचण्यापेक्षा कितीतरी भारी होईल. फक्त सुरुवातीला सांगितलेली हेतूची अडचण तशीच राहते, म्हणून मी स्वतः हा मार्ग घेणार नाही.

मी काय करीन ते सांगते. आधी टिपण बाजूला ठेवा आणि १९८८ च्या खटल्याची जुनी साक्ष तिच्या हातात द्या. जन्मठेप झाली म्हणजे उच्च न्यायालयात अपील झालंच असणार, आणि अपिलाचं पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांची बांधलेली प्रत, आरोपीच्या घरी असू शकतं. अशा कुटुंबात आई-आजी ते देव्हाऱ्याखाली जपून ठेवतात, वाचता येत नसलं तरी. नायिका ते वाचते. वकील दुसऱ्या वकिलाची उलटतपासणी वाचतो तेव्हा काय विचारलंय यापेक्षा काय विचारायचं राहिलंय ते आधी दिसतं. म्हाताऱ्यानं सरतपासणीत सांगितलंय की गॅलरीतल्या दिव्याच्या उजेडात आरोपीला ओळखलं. घटनास्थळाच्या पंचनाम्यात लिहिलंय की गॅलरीतल्या होल्डरमध्ये बल्ब नव्हता. वर्षभराची सनद असलेला पोरगासुद्धा हा पंचनामा साक्षीदारापुढे ठेवेल. बाबांसारख्या वकिलानं ठेवला नाही. त्यांनी पाच पानं उलटतपासणी घेतली, आडवंतिडवं पुष्कळ विचारलं, साक्षीदाराचं दारू पिणं, भाडं थकणं, संपातलं भांडण, सगळं. फक्त दिव्याबद्दल एक शब्द नाही. ही विसरभोळेपणाची चूक नाही हे तिला त्याच क्षणी कळतं, कारण तिला उलटतपासणी शिकवली ती त्यांनीच.

मला तुमच्या कथेत टिपणापेक्षा हे जास्त पटेल. टिपण कोणीही लिहून ठेवत नाही, निदान फौजदारी वकील तरी नाही. न विचारलेला प्रश्न मात्र कोर्टाच्या रेकॉर्डवर कायमचा राहतो, आणि ते रेकॉर्ड कोणाचं गुपित नाही. आणखी एक, बाबांनी या केसची फी घेतली नव्हती असं लिहा. लालबागच्या त्या कुटुंबानं म्हणूनच त्यांना देव मानलं आणि म्हणूनच मुलाची केस त्यांच्या मुलीकडे आणली. नाहीतर हरलेल्या वकिलाच्या मुलीकडे कोण येईल, हा प्रश्न वाचकाला पडणारच होता.

आता २०२२ चा पुरावा. दोषारोपपत्राला मयताच्या मोबाईलचे कॉल डिटेल्स जोडलेले असतात. पोलीस ते आरोपीचा नंबर शोधण्यासाठी आणतात, तो सापडला की बाकीची पानं कोणी उलगडत नाही. बचावाचा वकील उलगडतो, निदान उलगडायला हवीत. खुनाच्या आधीच्या आठवड्यात एका नंबरवरून मयताला रोज फोन आलेत. नायिकेला तो नंबर कोणाला विचारावा लागत नाही, तिला तो तोंडपाठ आहे. दिवाळीला, गणपतीला ती त्याच नंबरवर फोन करते. हा कागद पोलिसांनीच कोर्टात दाखल केलाय, त्यावर गोपनीयतेचं कुठलंही कलम लागत नाही.

आणि आता ती बाबांच्या जागी उभी आहे. तपास अधिकारी पिंजऱ्यात आहेत. तिनं फक्त एवढंच विचारायचं आहे, 'या नंबरच्या मालकाचा जबाब तुम्ही घेतलात का?' विचारलं तर काका गेला, नाही विचारलं तर अशील गेला. काकानंच मारलं हे तिला सिद्ध करायचं नाही, बचावावर ते ओझंच नसतं. तपास अर्धवट आहे, दुसऱ्या माणसाची शक्यता पोलिसांनी तपासलीच नाही, एवढा वाजवी संशय उभा राहिला तरी पुरे. अधिकारी म्हणतील, 'नाही, तशी गरज वाटली नाही.' न्यायाधीश लघुलेखकाला ते वाक्य इंग्रजीत सांगतील, टाईप झालेलं अधिकारी वाचून बघतील, न्यायाधीश सही करतील. मुंबईत साक्ष अशीच नोंदवली जाते. साक्षीदार मराठीत बोलतो, कागदावर इंग्रजी उतरतं आणि मध्ये न्यायाधीश थांबून वाक्य जुळवतात. या थांबण्यात फार ताण असतो, सिनेमावाले तो कधीच वापरत नाहीत. पुढे तिला हवं असेल तर मोबाईल कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे कॉलच्या नोंदी देणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलावण्याचा अर्ज करता येतो. कोर्टाला वाटलं तर कोणत्याही टप्प्यावर कोणालाही साक्षीला बोलावता येतं, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३११, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३४८. अचानक साक्षीदार आणायची तुमची हौस इथे कायदेशीरपणे भागेल.

पण हा प्रश्न विचारण्याआधी एक भेट लिहावी लागेल आणि ती गाळू नका. वकिलाचा प्रकरणातल्या कोणाशी संबंध असेल किंवा त्यात हितसंबंध असेल तर अशिलाला तो पूर्णपणे सांगायचा, वकीलपत्र घेताना आणि नंतर कळला तर नंतरही, असा नियम आहे. म्हणजे नंबर ओळखल्यावर तिला आर्थर रोडला जाऊन त्या पोराला सांगावं लागेल की हा माझा काका आहे. बाबांबद्दलचा संशयही सांगावा का? माझ्या मते हो, कारण तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्याला त्याशिवाय ठरवता येणार नाही. टिपणातली काकाची कबुली मात्र सांगता येईल का, यावर मघाचा वाद लागू होतो. एका वाक्यात सांगायचं आणि पुढच्या वाक्यात अडखळायचं. मी असते तर त्याच्याकडून लेखी घेतलं असतं की हे ऐकूनही मला याच वकील हव्यात, आणि जेल अधिकाऱ्यांसमोर सही. तो नाही म्हणाला तर दुसऱ्या वकिलाला एनओसी द्यायची आणि गप्प घरी यायचं. पोरगा काय म्हणेल ते तुम्ही ठरवा. तो सरळ हो म्हणाला तर मला खोटं वाटेल.

म्हणजे एकूण असं झालं: टिपण पुराव्यात आणायचं असेल तर ती वकील राहत नाही, साक्षीदार होते. कॉल डिटेल्सवर केस लढवायची असेल तर ती वकील राहू शकते, पण अशिलाला सगळं सांगून. दोन्ही एकदम जमणार नाही.

थोडं किरकोळ. तुमच्या तरुणाचं वय तपासा. १९८८ ला अटक झालेला, खुनात जन्मठेप झालेला माणूस किमान १४ वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सुटत नाही, म्हणजे २००२ च्या आधी नाही. २०२२ मध्ये तीस वर्षांचा मुलगा १९९२ च्या आसपास जन्मला. मुलाचं वय वाढवा, नाहीतर बाप मधे संचित किंवा अभिवचन रजेवर (फर्लो किंवा पॅरोलवर) घरी आला होता असं दाखवा. दुसरं मला आवडेल, चाळीत त्यावरून पोरानं काय काय ऐकलं असेल ते तुम्हाला लिहिता येईल.

ज्युरी, हातोडा आणि 'ऑर्डर ऑर्डर' काढून टाका. नानावटी खटल्यात १९५९ साली ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्युरी राहिलीच नाही. गिरगावचा खून ओव्हल मैदानासमोरच्या सत्र न्यायालयात चालेल, जुन्या सचिवालयाच्या १८७४ च्या इमारतीत. दिंडोशीला पाठवू नका, ते उपनगराचं. आरोपीला पहिल्यांदा हजर करतील ते दंडाधिकाऱ्यांपुढे, खुनाचा खटला नंतर सत्र न्यायालयाकडे वर्ग होतो. आणि खटला तारखांवर चालतो. साक्षीदार आला तर सरकारी वकील नाहीत, सगळे आले तर आरोपीला आणायला पोलीस गाडी नाही. तुमच्या मसुद्यात चार दिवसांत निकाल लागतो, तिथे निदान दोन पावसाळे घाला.

राहिला तिसरा प्रश्न. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीची अट नाही. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ती लागूच होत नाही. १९८८ च्या खुनासाठी काकावर आजही गुन्हा नोंदवता येईल, कलम त्या वेळच्या दंड संहितेतलं ३०२ आणि कार्यपद्धती आताच्या संहितेची. पण शिक्षा होईल का? हत्यार नाही, मुद्देमाल नष्ट झालेला, एकमेव नेत्रसाक्षीदार मारला गेलेला आणि त्याची जुनी साक्ष भलत्याच माणसाविरुद्ध. काकाचा वकील त्या जुन्या खटल्याचं निकालपत्र पुढे करील, की न्यायालयानं आधीच दुसऱ्याला दोषी धरलंय. मी काकाची बाजू घेतली असती तर पहिल्याच तारखेला दोषमुक्तीचा अर्ज, म्हणजे खटला न चालवताच सोडा असा, टाकला असता आणि बहुधा जिंकले असते. २०२२ च्या खुनात त्याच्यावर पुरावा मिळू शकतो, कॉल डिटेल्स, लोकेशन, चाळीच्या नाक्यावरचा कॅमेरा, फुटेज अजून शिल्लक असेल तर. म्हणून काकाला अडकवायचंच असेल तर नव्या खुनात अडकवा. आणि तुरुंगातून सुटलेल्या बापाचा डाग पुसायचा असेल तर त्याला उशीर माफ करून घेऊन सर्वोच्च न्यायालयात जावं लागेल, तो मार्ग वेगळा आणि लांबचा आहे. त्यासाठी काका दोषी ठरायलाच हवा असं नाही, होल्डरमध्ये बल्ब नव्हता हा जुना पंचनामा तिथेही कामाला येईल. ते प्रकरण लिहाल तेव्हा विचारा, त्याचे अर्ज कसे असतात ते सांगेन.